आखाजीची गाणी आणि चार संगणक

माझ्याकडे खानदेशातल्या अहिराणी बोलीतील गाण्यांचे सुमारे १४० तासांचे ध्वनिमुद्रण आहे. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, लग्नातली गाणी आणि जात्यावरच्या ओव्या असे सगळे त्यात आहे, आणि ते मी गेली काही वर्षे अमळनेर, पारोळा, शिंदखेडा आणि शिरपूर या तालुक्यांतील गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जमवले आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळ्यात येते आणि पंख्याची घरघर मुद्रणात येऊ नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. त्या उकाड्यात पदराने घाम पुसत दोन-दोन तास गाणाऱ्या या बायकांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत. त्यामुळे यातली एखादी फाइल हरवली, तर ती पुन्हा मुद्रित करण्याचा मार्गच उरत नाही. ही फाइल एकाहून अधिक संगणकांवर कशी ठेवावी, त्या सगळ्या प्रती एकमेकींशी जुळत्या कशा राखाव्यात आणि त्यासाठी दरमहा भाडे का भरू नये, हे मी बऱ्याच चुका करून शिकले. ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे काम करणारे आणखी लोक आपल्या भागात आहेत आणि त्यांच्या मुद्रणांची मला काळजी वाटते.

हिशेब आधी सांगते. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि एकाच मायक्रोफोनवर मुद्रण करते. त्या हिशेबाने एका तासाची फाइल सुमारे ५१८ मेगाबाइटची होते आणि १४० तासांचे ७२ गिगाबाइटच्या वर जातात. गूगलच्या खात्यात १५ गिगाबाइट जागा मोफत मिळते आणि त्यात मेल, फोटो सगळेच येते. जास्तीची जागा विकत घेता येते, पण ती मालकीची होत नाही. पैसे भरणे थांबले की जागाही थांबते. हे काम मी निवृत्तीनंतरही करणार आहे आणि माझ्यानंतर ते भाचीने चालवावे अशी माझी इच्छा आहे, त्यामुळे कोणाच्या तरी कार्डावरून दरमहा रक्कम वळती होण्यावर हा साठा अवलंबून राहावा, हे मला पटले नाही. तशी आमच्याकडे यंत्रे होतीच. अमळनेरच्या घरी लिनक्सवर चालणारा जुना डेस्कटॉप आहे, गावोगावी नेण्यासाठी माझा विंडोजचा लॅपटॉप आहे आणि धुळ्याला भाचीचा लॅपटॉप आहे, ज्यावर ती गाण्यांचे शब्द लिहून काढते. शिरपूरला भावाच्या कृषी केंद्रात चौथा संगणक आहे. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

पहिली दोन वर्षे आम्ही पेन ड्राइव्हवर काढली. मी अमळनेरहून एसटीने धुळ्याला जाताना पेन ड्राइव्ह न्यायची आणि येताना भाचीने लिहिलेले शब्द घेऊन यायची. मधल्या काळात तीच फाइल मीही घरी दुरुस्त केलेली असायची. मग कुठली फाइल कुठल्या फाइलवर चढवायची, हे ठरवताना एकीचे काम पुसले जायचे. आमच्या धुळ्यालाच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी बाडे, म्हणजे जुनी हस्तलिखिते, आहेत आणि राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह आहे. जुनी बाडे चाळणाऱ्यांना हा प्रश्न फार पूर्वीपासून ठाऊक आहे: एका मठातल्या नकलेत एक ओवी आहे आणि दुसऱ्या मठातल्या नकलेत ती नाही, तर ती कोणी मागाहून घातली की कोणाकडून गळली? नुसत्या दोन प्रती शेजारी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. दोन्ही प्रती ज्या मूळ प्रतीवरून उतरल्या, ती प्रत हाती असेल तरच मिळते.

फाइली जुळत्या ठेवण्याचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडे थांबते. आरसिंक नावाचे उत्तम साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले आणि ते आजही लिनक्सच्या जगात सर्वत्र वापरात आहे. फाइलीचा बदललेला भाग तेवढाच पाठवण्याची त्याची युक्ती देखणी आहे, पण ते एका दिशेने काम करते. इकडची स्थिती तिकडे उतरवायची, एवढेच त्याला सांगता येते. एखादी फाइल इकडे आहे आणि तिकडे नाही, यावरून ती इकडे नव्याने आली की तिकडे कोणी पुसली, हे त्याला समजत नाही, कारण मागच्या वेळची स्थिती ते लक्षात ठेवत नाही. दोन्ही बाजूंनी काम चालू असेल, तर मागच्या भेटीची नोंद ठेवणारे साधन लागते. युनिसन हे त्या प्रकारचे जुने आणि विश्वासू साधन आहे; पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने ते तयार झाले. ते दोन संगणकांमधील फरक दाखवते आणि दोन्हीकडे बदल झालेला असेल तर आपल्याला विचारते. दोनच यंत्रे असतील आणि आपण स्वतः बसून जुळवणी करणार असू, तर मी आजही युनिसनच सुचवेन.

आमची यंत्रे दोनाहून अधिक होती आणि भाचीला रोज बसून जुळवणी करणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही सिंकथिंग निवडले. ते २०१३ च्या अखेरीस पहिल्यांदा प्रसिद्ध झाले, मुक्त परवान्याखाली आहे, आणि त्यात मध्ये कोणाचाही साठवणीचा सर्व्हर नसतो. फाइल एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर जाते. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख मिळते, सात-सात अक्षरांचे आठ गट, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख मान्य केल्याशिवाय एकही अक्षर इकडचे तिकडे होत नाही. सगळी व्यवस्था ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर दिसते. हा पत्ता आपल्याच यंत्राचा असतो, बाहेरून कोणाला तो उघडत नाही. फाइलीचे १२८ किलोबाइटपासून १६ मेगाबाइटपर्यंतचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची ठशासारखी खूण काढली जाते आणि जो तुकडा समोर नाही तेवढाच पाठवला जातो.

खानदेशात राहणाऱ्याला यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, लाइट गेली तरी काम वाया जात नाही. येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते, त्यामुळे अर्धवट फाइल चांगल्या फाइलीच्या जागी कधी बसत नाही. लाइट आली की उरलेले तुकडे येतात. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसातून अनेकदा हे घडते, आणि आजवर त्यामुळे एकही मुद्रण खराब झालेले नाही.

घरातल्या घरात इंटरनेट लागतच नाही. लॅपटॉप आणि डेस्कटॉप एकाच राउटरवर असले की ते एकमेकांना शोधून काढतात. माझा राउटर जुना आहे, तरी तासाभराचे मुद्रण पाऊण मिनिटात डेस्कटॉपवर पोहोचते. पहिल्या दिवशी विंडोजची फायरवॉल आडवी आली होती. तिथे सिंकथिंगला परवानगी द्यावी लागते आणि घरचे वाय-फाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावे लागते.

अमळनेर ते धुळे हा प्रवास मात्र एवढा सरळ नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर अनेक ग्राहकांमागे मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे दोन घरांतील संगणक एकमेकांचे दार थेट ठोठावू शकत नाहीत. सिंकथिंग आधी थेट वाट काढून पाहते आणि ती न मिळाल्यास स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले यंत्रांमधून माल नेते. मजकूर दोन टोकांच्या मध्ये कुलूपबंद असतो, रिले चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही. पण वेग घटतो. आमचा वेग सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होता, म्हणजे ७२ गिगाबाइटला चाळीस तास, आणि तेही दोन्ही लॅपटॉप अखंड चालू राहिले तर. म्हणून पहिला साठा आम्ही एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर भरून एसटीने नेला. दोन्हीकडे सारख्या फाइली ठेवून मग फोल्डर जोडले; सिंकथिंगने खुणा ताडून पाहिल्या, सगळे जुळते आहे असे ठरवले आणि काहीही नव्याने पाठवले नाही. मोठा साठा असलेल्या प्रत्येकाने असेच करावे. डिस्क विकत घेताना तिची मांडणी एफएटी ३२ पद्धतीची नाही ना, हे पाहावे, कारण त्यात एक फाइल ४ गिगाबाइटपर्यंतही जाऊ शकत नाही आणि व्हिडिओ असतील तर तिथेच अडते.

यानंतर एक अडचण अशी आली की ती मराठीत नावे लिहिणाऱ्यालाच येऊ शकते, आणि तिचा उलगडा व्हायला मला तीन आठवडे लागले. ‘शेतकऱ्याचं गाणं’ या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये दिसू लागल्या. नाव अक्षरशः सारखे, आणि एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असू शकत नाहीत, हे तर सर्वांना ठाऊक आहे. शेवटी कळले ते असे: ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त असतो, तर दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. माझा कीबोर्ड एका पद्धतीने लिहीत होता आणि भाचीचा दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत, आणि सिंकथिंगने दोन्ही प्रामाणिकपणे सर्वत्र पोहोचवली. वऱ्हाड, सुऱ्या, म्हाताऱ्या, बिचाऱ्या असे सगळेच शब्द या फेऱ्यात सापडतात. दुसरी गोष्ट त्याच सुमारास आढळली: लिनक्सवर मी मुद्रणाची वेळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी नावात लिहीत असे आणि विंडोजला नावात ते चिन्ह चालत नाही, त्यामुळे त्या फाइली डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर उतरतच नव्हत्या आणि यादीत लाल अक्षरांत अडकून पडल्या होत्या.

त्यानंतर आम्ही ठरवले की ध्वनिफाइलीचे नाव फक्त तारीख, गावाचा क्रमांक आणि मुद्रणाचा क्रमांक एवढेच असेल, तेही इंग्रजी अंकांत, आणि गाण्याचे पहिले चरण, गाणारीचे नाव, गाव, नाते ही सगळी माहिती एका सूचीच्या फाइलीत असेल. हजाराच्या आसपास फाइलींची नावे बदलली, तरी पुन्हा काहीही पाठवावे लागले नाही, कारण आतला मजकूर तोच आहे हे खुणांवरून कळत होते.

पाठभेद मात्र कोणत्याही साधनाने संपत नाहीत. मी आणि भाचीने एकाच गाण्याचे शब्द एकाच काळात, एकमेकींशी जोडल्या गेलेल्या नसताना बदलले, तर सिंकथिंग एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि दुसरीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द, तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राच्या ओळखीची पहिली अक्षरे घालून ती बाजूला ठेवते. काहीही पुसले जात नाही, आणि मला हे वागणे योग्य वाटते, कारण ‘मव्हतूर’ लिहावे की ‘म्होतूर’ हे गाणे ऐकूनच ठरते, ते यंत्राने ठरवू नये. जिची वेळ जुनी ती प्रत बाजूला जाते, म्हणून प्रत्येक यंत्राचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. आमच्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, आणि लाइट जाऊन आली की तो स्वतःला कित्येक वर्षे मागे नेत असे. नेट जोडले जाईपर्यंत त्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती जुनी ठरत असे. सीआर २०३२ ही बॅटरी बदलली आणि तो त्रास थांबला. शब्दांच्या फाइली आम्ही साध्या टेक्स्टमध्ये ठेवतो, कारण मग दोन पाठ ओळीने ओळ ताडून पाहता येतात.

आता सर्वांत वाईट दिवसाविषयी. माझ्या लॅपटॉपची जागा भरत आली होती आणि दुसऱ्या दिवशी शिंदखेडा तालुक्यात मुद्रणाला जायचे होते. जुनी मुद्रणे डेस्कटॉपवर आहेतच, असा विचार करून मी लॅपटॉपवरचा दोन वर्षांचा फोल्डर पुसला आणि रिसायकल बिनही रिकामा केला. सिंकथिंगने ते पुसणे हाही एक बदल मानला, जो तो होताच, आणि रात्रभरात डेस्कटॉपवरचा फोल्डरही गेला. सकाळी ते लक्षात आले तेव्हा मला उभे राहवेना. त्या फोल्डरमध्ये एका आजींची तीन तासांची आखाजीची गाणी होती, त्या वारल्या त्याला तेव्हा चारच महिने झाले होते, आणि निघताना त्यांनी माझा हात धरून म्हटले होते, “माय, हाई सांभाळी ठेवजो.”

भाचीचा लॅपटॉप परीक्षेमुळे आठवडाभर बंद होता. मी तिला फोन करून सांगितले की लॅपटॉपला हात लावू नकोस, आधी राउटर बंद कर. तिने राउटरची वायर काढली आणि विचारले, “मावशी, आता चालू करू का?” चालू केल्यावर आधी सिंकथिंग बंद केले, मग सगळा साठा वेगळ्या डिस्कवर उतरवला. एकही फाइल गेली नव्हती. तो लॅपटॉप तासभर आधी कोणी उघडला असता, तर आज ती गाणी कुठेच नसती.

जुळत्या प्रती म्हणजे सुरक्षित प्रती नव्हेत, हे मी त्या दिवशी शिकले. चूकही तितक्याच तत्परतेने सर्वत्र जुळवली जाते. त्यानंतर केलेले बदल असे. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू नसते. ती प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी चालू करावी लागते. तिच्यातली बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलामुळे जे पुसले जाते तेवढेच ती जपते. मी माझ्याच लॅपटॉपवर जे पुसते ते माझ्या लॅपटॉपवर जपले जात नाही, डेस्कटॉपवर जपले जाते. म्हणून ती सोय सगळीकडे हवी. दुसरे असे की, साठा वर्षवार फोल्डरांत विभागला. लॅपटॉपवर फक्त चालू वर्षाचा फोल्डर जोडलेला असतो, आणि वर्ष संपले की आधी जोडणी काढायची, मगच पुसायचे. डेस्कटॉपवर जुन्या वर्षांचे फोल्डर ‘फक्त पाठवणारे’ केले आहेत, त्यामुळे दुसरीकडे काही पुसले गेले तरी ते इथे लागू होत नाही.

आणि तिसरे, आरसिंक. जे एकतर्फीपण जुळवणीसाठी उणे ठरले, तेच इथे उपयोगी पडले. दोन हार्ड डिस्क आहेत. एक माझ्या कपाटात आणि एक धुळ्याला. महिन्यातून एकदा डिस्क जोडून डेस्कटॉपवरचा साठा तिच्यावर उतरवते आणि पुन्हा काढून ठेवते. ‘डिलीट’ हा पर्याय मी वापरत नाही, म्हणजे इकडे पुसलेले तिकडे राहते. डिस्क थोडी लवकर भरेल, भरू दे. प्रत्येक वेळी आधी ‘एन’ हा पर्याय लावून नुसती यादी पाहते, कारण मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असली तर आतल्या फाइली जातात आणि नसली तर फोल्डरसकट जातात, एवढ्याशा फरकाने डिस्कवर दुहेरी पसारा होतो.

भावाच्या दुकानातला संगणक सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत चालू असतो. दोन लॅपटॉप एकाच वेळी चालू नसतील, तर त्यांची भेट होत नाही; भाचीची आणि माझी कामाची वेळ एक नाही, म्हणून मधे कोणीतरी जागे असावे लागते. पण दुकानात दहा माणसे येतात, आणि या गाण्यांत सासरच्या माणसांची नावे आहेत, गाणाऱ्या बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत. सिंकथिंगमध्ये एखाद्या यंत्राला फक्त कुलूपबंद प्रत देण्याची सोय आहे. परवलीचा शब्द आमच्या यंत्रांवर असतो आणि दुकानातल्या संगणकावर फाइलींची नावेसुद्धा वाचता येत नाहीत. भावाला मी हे मोकळेपणाने सांगितले आणि त्याने लगेच मान्य केले. परवलीचा शब्द कागदावर लिहून तो कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे.

मोबाइलविषयी थोडक्यात लिहिते. अँड्रॉइडसाठीचे सिंकथिंगचे मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झाले. त्यातून फुटलेले दुसरे ॲप चालू आहे. मी मुद्रणासाठी वेगळा रेकॉर्डर वापरते आणि केबलने फाइल उतरवते, त्यामुळे मला त्याची गरज पडली नाही.

हे सगळे फुकट आहे असे मी म्हणणार नाही. दोन डिस्क घ्याव्या लागल्या, आणि डेस्कटॉप रोज दहा तास साठ वॅटने चालला तर दिवसाला ०.६ युनिट वीज लागते. मला हा खर्च योग्य वाटतो, कारण त्यातून जे उभे राहिले ते आमच्या घरांत आहे आणि भाचीला ते पूर्ण समजते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्कवर उतरवून झाले की मी त्यातले एक मुद्रण, कुठलेही, डिस्कवरूनच उघडते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकते, कारण फाइल यादीत दिसणे वेगळे आणि ती वाजणे वेगळे. या रविवारी त्या आजींचे तीन तासांतले दुसरे मुद्रण निघाले. एक तास चार मिनिटांचे आहे. पूर्ण वाजले.